विचाराल तेवढंच मिळेल

१९ ऑगस्ट

आलो एकदाचा सान लिनोला. मुक्काम मावशीच्या मागच्या खोलीत. खिडकीतून टायरचं दुकान दिसतं, आणि दुकानवाल्याने मागे मिरच्या भाजायचा पिंप लावलाय. शिंकत शिंकतच सामान लावलं.

युफेलियामावशीने दारातच सांगितलं, जेवण मिळेल, लाड मिळणार नाहीत, आणि वर गावात जे चाळे केलेस ते इथे केलेस तर ट्रकसकट डोंगरावर परत पाठवीन. मी म्हटलं, चाळे संपले मावशी, आता मी पॅरामेडिक होणार, माणसं वाचवणार. ती म्हणाली, आधी भांडी घास.

हे लिहितोय ते काही हौस म्हणून नाही. कम्युनिटी कॉलेजात नाव घालताना माझ्याकडून एक पान लिहून घेतलं, आणि ते वाचून मास्तरांनी कपाळाला हात लावला. ॲम्ब्युलन्समधून पेशंट उतरवला की त्याच्याबद्दल लिहून द्यावं लागतं. तुझं वाचून हॉस्पिटलवाले पेशंटऐवजी ड्रायव्हरला दाखल करून घेतील म्हणाले. रोज काहीबाही लिही, हात वळेल. तर लिहितोय.

कशाला आलास असं कुणी विचारलं की मी सांगतो, सायरन वाजवायला. खरं म्हणजे आमच्या वरच्या गावाला ॲम्ब्युलन्स पोचेस्तोवर माणूस एकतर बरा होतो, नाहीतर थंड. पण हे सांगत बसलो तर लोक चांगला म्हणतील मला. ती भानगड नको.

२६ ऑगस्ट

वर्ग भारी आहे. माझा जोडीदार डेल्विन बेनाली, ताडमाड उंच, दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि चारही वाक्यांना पोट धरून हसायला लावतो. दुसरी मिंगा विआल्पांदो. तिशीची असेल. लेकीला आईकडे टाकून येते आणि मला बारक्या म्हणते. मागच्या वर्षी शेवटच्या परीक्षेत तिने पेशंटचा एक पाय विचारला, दुसरा विचारायचा राहिला. तेवढ्यावर नापास. कॉलेज दोनदाच बसू देतं, म्हणजे ही तिची शेवटची खेप. मी म्हटलं, एकपायी पेशंट शोधू आपण तुझ्यासाठी. तिने पुस्तक फेकून मारलं.

शिकवायला मिस रोवीना. आख्खा जन्म ॲम्ब्युलन्सवर काढलाय. आता नाकात नळी, मागे चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर, एका कानाने ठार बहिऱ्या, आणि आवाज असा की खडीवरून खुर्ची ओढतंय कुणी. तो आवाज मला दुपारपर्यंत जमला. दाराआडून म्हटलं, ‘आज लवकर सुटलं, पळा,’ तर अर्धा वर्ग खरंच पळाला.

शिकायची पद्धत गमतीची आहे. खरे आजारी कुठून आणणार, म्हणून आम्हीच आळीपाळीने पेशंट व्हायचं. मी ठणठणीत पडलेला असतो, पण गोष्टीत मी छतावरून कोसळलेला. मग तपासणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, नाडी? आणि मिस हातातल्या कार्डात बघून सांगणार, मंद. की झाली मंद. माझी खरी नाडी घोड्यासारखी उधळत असली तरी.

मिस म्हणाल्या, ‘पेशंटचं अंग काय सांगतं ते विसरा. मी सांगते ते पेशंटचं अंग. आणि विचाराल तेवढंच मिळेल. न विचारलेलं मी देत नाही.’

१२ सप्टेंबर

आज रबरी पुतळ्याला कपाटात कोंबला आणि त्याच्या जागी चादरीखाली मी पडलो. डेल्विन छाती दाबायला वाकला आणि मी त्याचं मनगट धरलं. एवढा मोठा माणूस, पण बोकडासारखा ओरडला. मिंगा हसून हसून खाली बसली. मिससुद्धा हसल्या, मग खोकल्या, मग सिलिंडरची चावी फिरवत म्हणाल्या की सेल्सो पेशंट चांगला होतो, याला सांभाळून ठेवा.

मावशीला सांगितलं तर ती हसली नाही. मिस रोवीना कॉलेजात शिकवते यावर तिचा विश्वासच बसेना. म्हणाली, गेल्या हिवाळ्यात पाद्री तेल लावून आला होता तिला. मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल. ते लावल्यावर माणूस नोकरीवर परत येत नाही. मी म्हटलं, पगार कमी पडला असेल. तिने चमचा उगारला.

३ ऑक्टोबर

डेल्विन पेशंट होता, मी तपासत होतो. डोकं विचारलं, मान विचारली, मिस कार्डात बघून सांगत होत्या. मग मी म्हटलं, कान? तर मिसनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. डोळे मिटले. म्हणाल्या, ‘उजव्या कानाने ऐकू येत नाही.’

आता एरवी मिस म्हणतात, रक्त येतंय, पाणी येतंय. ऐकू येत नाही हे काय उत्तर झालं? पण मी लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

६ ऑक्टोबर

डेल्विनचा उजवा कान बंद आहे. तळ्यात पोहलो, पाणी गेलं असेल म्हणतो. ऑक्टोबरात कोण पोहतं?

आणखी एक. वर्गात मी मिसच्या बहिऱ्या बाजूला बसतो, तिकडून काहीही पुटपुटता येतं म्हणून. आज मी पुटपुटलो की म्हातारीचा सिलिंडर बीअरचा असावा. मिस वळल्यासुद्धा नाहीत. फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाल्या, ‘बीअर मला चालत नाही, सेल्सो.’

सगळे हसले. मी पण हसलो. पण तो कान बहिरा होता ना?

२० ऑक्टोबर

डॉक्टरला डेल्विनच्या कानात काही सापडलं नाही. पडदा ठीक, नस ठीक, ऐकू मात्र येत नाही.

मी मिसवर नजर ठेवलीय. कार्ड वाचून सांगितलं की काही होत नाही. मीच या आठवड्यात दोनदा मेलो, एकदा पोटात सुरा घेऊन घरी गेलो आणि पोसोलेचा रस्सा ओरपला. कार्ड हातात आहे तोवर खेळ आहे. कार्ड त्यांनी परत खाली ठेवलेलं नाही अजून. मी वाट बघतोय.

डेल्विनला सांगितलं. तो म्हणाला, तुझं सगळंच खोटं असतं, हे कुठल्या खात्यात टाकू?

१४ नोव्हेंबर

ठेवलं.

मिंगा पेशंट होती, गाडी उलटलेली. तपासणारा मागच्या बाकावरचा पोरगा. त्याने विचारलं, छातीत हवा? मिसनी कार्ड पालथं घातलं, डोळे मिटले. ‘डाव्या फुप्फुसात हवा जात नाही.’ एवढं म्हणून एक मोठा श्वास घेतला त्यांनी. ऐकू येईल असा.

मी मध्येच बोललो की मिस, कार्डावर काय लिहिलंय ते दाखवा. त्यांनी दाखवलं. कार्डावर लिहिलं होतं, दोन्हीकडे हवा स्वच्छ. म्हणाल्या, परीक्षा कार्डाची नसते, कानांची असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाढवं.

१८ नोव्हेंबर

मिंगा पार्किंगपासून वर्गापर्यंत येताना मध्ये थांबते. जिना चढताना कठडा धरते. थंडी बाधली म्हणते. तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. उजवीकडे समुद्र. डावीकडे भिंत.

मिस आज सिलिंडरशिवाय आल्या. नाकात नळी नाही. ऑफिसातल्या बायकांनी केक आणला, टाळ्या वाजवल्या. मिस म्हणाल्या, नवीन औषध लागू पडलं. मिंगानेही टाळ्या वाजवल्या आणि त्याने तिला धाप लागली.

म्हणजे म्हातारी आजार वाटतेय. एकेक करून. आपण विचारतो आणि ती देते.

९ जानेवारी

मिंगा सुट्टीत हॉस्पिटलात होती. फोटोत फुप्फुस चांगलं दिसतं. डॉक्टर म्हणे मनाचं आहे. तिची लेक इनेस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की आई रात्री बसून झोपते.

मिंगाला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तिने इनेसला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, ‘बारक्या, ही मस्करी असेल तर मी तुझं तोंडही बघणार नाही.’ मी म्हटलं नाहीये. ती म्हणाली, मग काढ हे माझ्यातून, कसंही काढ.

माझ्या डोक्यात एक आलंय. येडपट आहे. पण म्हातारीचा आवाज मला काढता येतो की.

१६ जानेवारी

झालं!

मावशीच्या स्वयंपाकघरात केलं, दुपारी, मावशी चर्चला गेल्यावर. मिंगाला टेबलावर आडवी केली. डेल्विनला तपासायला उभा केला, तो नको नको म्हणत होता. त्याने विचारलं, छातीत हवा? मी डोळे मिटले आणि खडीवरून खुर्ची ओढली. ‘दोन्हीकडे हवा स्वच्छ.’

काही झालं नाही. डेल्विन म्हणाला, झालं नाटक? आणि मिंगा उठून बसली, तोंड उघडं. मग एवढा मोठा श्वास घेतला तिने, घेतच राहिली, मग रडायला लागली. डेल्विनने स्टेथोस्कोप लावला, ऐकलं आणि खुर्चीत बसला. पांढराफटक.

आता माझा कान कर, म्हणाला. पण तेवढ्यात मावशीची गाडी वाजली. टेबलावर बाई झोपलेली बघून तिने काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. डेल्विनचं उद्या करू म्हटलं.

१७ जानेवारी

सिलिंडर परत आलाय. मिसच्या नाकात नळी. वर्गात शिरल्या, कुणाकडे बघितलं नाही, सरळ माझ्याकडे.

म्हणाल्या, आज सेल्सो पेशंट.

मी म्हटलं पोटात दुखतंय, घरी जातो. त्या म्हणाल्या, उत्तम, मग पोटापासून सुरू करू. सगळे हसले. दोघांनी मला उचलून स्ट्रेचरवर टाकलं, मस्करीत. मिंगा आलेली नव्हती. डेल्विनला बाहेरच्या कामाला पाठवलेलं. तपासायला तोच मागच्या बाकावरचा पोरगा. मी त्याला म्हटलं काही विचारू नकोस. त्याला वाटलं पेशंट भ्रमात आहे, तसं तो वहीत लिहायला लागला. मग त्याने विचारलं की पेशंट बोलतो का.

कार्ड खाली.

१८ जानेवारी

आवाज नाही. घोगरा नाही, बसलेला नाही. नाहीच. तोंड उघडतो, हवा येते.

मिस बाहेरच्या वाटेवर गाणं म्हणत चालल्या होत्या. चर्चचं. आवाज काचेसारखा.

२ फेब्रुवारी

डेल्विन गेला. घरी. माझा कान तसाच राहिला, आणि दुसरा चांगला आहे तो मला हवा आहे, म्हणाला. त्याचा राग नाही मला.

डॉक्टरने घशात दिवा घालून बघितलं. सगळं ठीक. मावशी सुरुवातीला म्हणाली, देवाने ऐकलं माझं, गप्प बसला मेला. आता म्हणत नाही. गरम दूध आणून ठेवते.

प्राचार्यांना लिहून दिलंय सगळं. तीन पानं. मास्तर म्हणाले होते तसा हात वळलाय.

५ फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावलं. खुशीत होते. म्हणाले, सकाळी फोन करून माफी मागितलीस ते बरं केलंस, मस्करी होती हे मला पहिल्या पानालाच कळलं होतं, आणि हसतोस काय छान.

मी त्यांच्या टेबलावर लिहिलं, मला आवाज नाही. त्यांनी वाचलं आणि पुन्हा हसले. पाठीवर थाप.

मी फोन केला नाही.

२१ मार्च

मावशीलाही फोन आला. मी घरी पोचलो तर डोळे पुसत बसलेली. म्हणाली, तुझा आवाज ऐकून जीव भांड्यात पडला रे, परत आला ना? म्हणाली, तूच सांगितलंस ना आत्ता, कॉलेजात सगळं छान आहे, परीक्षेला पेशंट व्हायला मी तयार आहे.

मी मान हलवत राहिलो. नाही, नाही. तिला कळेना. मग कळलं. तिने फोनची वायर भिंतीतून उपटली.

माझा आवाज म्हातारीकडे आहे. म्हणजे ती नुसतं देत नाही. घेतेही—

११ एप्रिल

मिसच्या हातून आज कॉफीचा पेला पडला. गरम कॉफी बोटांवर सांडली आणि तिला कळलंच नाही. बोटं लाल. ती बोलतच राहिली. मग बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

हात मेलेत तिचे.

२९ एप्रिल

परीक्षेची यादी लागली. मिंगाचा पेशंट मी. पेशंटची उत्तरं देणार मिसच.

नाही म्हटलं तर मिंगाची परीक्षा होत नाही. आणि ही तिची शेवटची. मी पळून जाणार होतो. ट्रकमध्ये बसलोही. मग इनेस आठवली. उतरलो.

मिंगाला लिहून दिलं, मिसने कार्ड पालथं ठेवलं की विचारू नकोस. ती म्हणाली, ‘बारक्या, श्वास परत दिलास तू मला. तुझ्या अंगाचा केससुद्धा देणार नाही मी तिला.’ मग म्हणाली, पण सगळं विचारावं लागतं रे. एक पाय सोडला होता मी फक्त.

९ मे, परीक्षा

स्ट्रेचरवर आहे. वर घोंगडी. खाली ही वही, न बघता लिहितोय, अक्षर बघू नका.

बाहेरचा परीक्षक कोपऱ्यात, टाय, हातात कागद लावलेली फळी. मिस माझ्या डोक्याशी उभी. मिंगा आली. हातमोजे घातले.

मिसने कार्ड वाचलंच नाही. आधीच पालथं.

शुद्ध विचारली. मिस म्हणाली आहे. चला.

छाती. मिंगाने विचारलं नाही. स्टेथोस्कोप लावला आणि मोठ्याने म्हणाली, दोन्हीकडे हवा स्वच्छ! मिसच्या आधी. वा रे मिंगा. मिसचा सिलिंडर फुसफुसतोय. जाम खवळलीय.

परीक्षक बोलला. सांगायचं नाही, विचारायचं. एकदा माफ, पुन्हा केलंत तर इथेच थांबू.

पोट विचारलं. ठीक. पाय. दोन्ही विचारले, दोन्ही. ठीक. पाय नकोयत तिला.

आता हात.

मिंगा थांबलीय. परीक्षक घड्याळ बघतोय.

तिने विचारलं. उजवा हात, बोटांना कळतं?

मिस म्हणाली, नाही. गोड आवाजात. माझ्या—

गेला. माझा नाहीच तो, लाकूड आहे बाजूला

पण हसू येतंय मला. म्हातारीला वाटलं लिहायचा हात घेतला. मी डावखुरा आहे. मिंगाला माहीत आहे, म्हणून उजवा आधी विचारला तिने. मिंगा, शहाणी

परीक्षक पेन वाजवतोय फळीवर. म्हणतोय, पुढे?

मिंगा घोंगडीकडे बघतेय. हलतेय ती, माझ्या हाताने. तिला दिसतंय मी लिहितोय.

डोळ्यांत पाणी तिच्या. नको ना गं. दुसरं काहीही विचार. विचार माझं नाव

परीक्षक म्हणाला, ‘दुसरी बाजू राहिली, बाई.’

मिस वाकलीय. बोटं ताणून बघतेय स्वतःची, एकेक

मिंगाने तोंड उघडलं. बारक्या म्हणाली. नुसतं बारक्या. मग म्हणाली, डा